ठाणे ते हंपी, नऊ दिवस: आधी मुक्काम ठरवा, मग ठिकाणं

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंनी प्रवासाचा बेत पाठवून विचारलंय, "हे जमेल का?" बेत असा: दिवाळीनंतरच्या शनिवारपासून पुढच्या रविवारपर्यंत नऊ दिवस, स्वतःची गाडी, नवरा-बायको दोघंही चालवणारे, सोबत ६८ वर्षांच्या सासूबाई (गुडघे दुखतात) आणि ९ वर्षांची मुलगी. पहिल्याच दिवशी ठाण्याहून थेट हंपी, मग बदामी, दांडेली, गोकर्ण, गोवा करत घरी. यादीत एकूण २१ ठिकाणं.

ताई, गाडीला जमेल हो. माणसांचं अवघड आहे.

मी कोपरखैरण्याला राहतो. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी होते, मी २२ वर्षं टुरिस्ट गाडी चालवतोय. पुणे-कोल्हापूर-हुबळी ही वाट किती वेळा केली याचा हिशेब ठेवलेला नाही, पण हंपीला स्वतः पार्टी घेऊन पंधरा-सोळा वेळा तरी गेलो असेन. तेवढ्यावरून सांगतो. लोक ठिकाणांची यादी करतात, मग ती दिवसांमध्ये बसवतात आणि मुक्काम जिथे पडेल तिथे पडतो. माझी रीत उलटी आहे. आधी मुक्कामाची गावं पक्की करायची आणि दोन मुक्कामांच्या मध्ये जे सहज बसेल तेवढंच बघायचं. संध्याकाळी ४ वाजता गाडी मुक्कामाच्या गावात लागलेली असली पाहिजे, हा एकच नियम मी कडक पाळतो. बाकी सगळं मागेपुढे चालतं.

४ च का, तेही सांगतो. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये नेरुळची एक पार्टी घेऊन बदामीला निघालो होतो. गोकाकला धबधब्यावर फोटो, मग जेवण, मग आणखी फोटो, असं करता करता यरगट्टीच्या अलीकडेच अंधार पडला. दुपदरी रस्ता, समोरून येणाऱ्याचा लाइट डोळ्यांवर. त्याला पास दिला आणि पुढे बघतो तर उसाची ट्रॉली. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागचीला ना लाइट ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला. ब्रेक लागला तेव्हा बॉनेट आणि ऊस यांच्यात एका माणसापुरती जागा उरली होती. मागे बसलेल्यांना काही कळलंच नाही, ते अंताक्षरी खेळत होते. माझे पाय मात्र बदामीला पोहोचेपर्यंत थरथरत होते. तुमचा प्रवास नेमका गळीत हंगाम सुरू होतानाचा आहे. कोल्हापूरपासून बागलकोटपर्यंत सगळा ऊसपट्टा, आणि नोव्हेंबरात ६ च्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे दिवेलागणीनंतर आतल्या रस्त्यांवर गाडी नको. त्यात कर्नाटकातल्या गावांमधले गतिरोधक. पांढरा पट्टा असेलच असं नाही, रात्री ते डोक्याला टेंगूळ आल्यावरच कळतात.

आता किलोमीटरचं गणित. ठाणे ते हंपी हुबळीवरून साधारण सव्वासातशे-साडेसातशे किलोमीटर. मॅप बारा-तेरा तास दाखवेल. मॅपला चहा लागत नाही, सासूबाईंचे गुडघे आखडत नाहीत आणि टोलनाक्यावर पुढच्याचा फास्टॅग अडकत नाही. मॅपच्या वेळेत चौथा हिस्सा मिळवा. माझा स्वतःचा हिशेब असा की सगळे थांबे धरून एक्स्प्रेस वेला ताशी ७०, चौपदरी हायवेला ६०, आतल्या रस्त्यांना ४०. यावर चार पैसे जास्त मिळाले तर बोनस. मॅपच्या वेळेत चौथा हिस्सा मिळवला की तुमचा पहिला दिवस पंधरा-सोळा तासांवर जातो. दोघं चालवणारे असलात तरी बसणाऱ्यांची अदलाबदल होत नाही, हे विसरू नका.

म्हणून दांडेली, गोकर्ण, गोवा कापा. गोवा कुठे पळून जात नाही, तीन दिवस जोडून सुट्टी मिळाली की सावंतवाडीवरून जाता येईल. खरं कारण दुसरंच आहे. राहिलेली ठिकाणं एकमेकांना धरून आहेत. बदामी सहाव्या ते आठव्या शतकातली चालुक्यांची राजधानी, हंपी चौदाव्या ते सोळाव्या शतकातलं विजयनगर, आणि ज्या सुलतानांनी १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत ते विजयनगर मोडलं, त्यांच्यातल्या आदिलशहाचं विजापूर. याच क्रमाने गेलात तर मुलीला इतिहास उलटसुलट होणार नाही. विजापूरहून अफजलखान निघाला, तिथून पुढची गोष्ट तिला शाळेत येतेच. समुद्रकिनारा मध्ये घुसवला की ही साखळी तुटते, आणि गाडीत वाळू येते ती वेगळी.

मुक्काम असे धरा: शनिवारी कोल्हापूर, रविवार-सोमवार बदामी, मंगळवार ते गुरुवार हंपी, शुक्रवारी विजापूर, शनिवारी भिगवणच्या आसपास, रविवारी दुपारपर्यंत घर. सगळं मिळून स्थानिक फिरणं धरून सतराशेच्या आसपास रनिंग होईल. एकाही दिवशी चालवणं सात-आठ तासांच्या वर जात नाही.

पहिल्या दिवशी साडेचारला घर सोडा. शनिवार आहे, सहा वाजता अर्धं ठाणं लोणावळ्याला निघालेलं असतं. मुंब्रा बायपासला रात्रभर कंटेनर असतात, त्या वाटेला न जाता कळवा-विटावा करून ऐरोलीला या आणि ठाणे-बेलापूर रोड धरा. पहाटे तो मोकळा असतो, एमआयडीसीच्या बसेस सुरू व्हायला वेळ असतो. जुईनगरला सायन-पनवेल हायवे, मग कळंबोली. एक्स्प्रेस वे ९४.५ किलोमीटरचा, घाटात वेगमर्यादा वेगळी आहे आणि कॅमेरे बसवलेले आहेत. चलन घरी पोहोचतं, आणि ते तुमच्या आधी पोहोचतं. फूड मॉलला थांबा ते सासूबाईंसाठी, खाण्यासाठी नको. नाष्टा सातारच्या अलीकडे.

पुण्यात शिरू नका, वाकड-चांदणी चौक बायपासने सरळ निघा. खेड शिवापूर नाका, मग खंबाटकी. जुना बोगदा फक्त येणाऱ्यांसाठी आहे. सातारा-कोल्हापूर पट्ट्यात सहापदरी करायचं काम गेली काही वर्षं चालू आहे. डायव्हर्जनच्या पाट्या ऐन वेळी दिसतात, तिथे उजवी लेन धरून पळू नका.

आनेवाडी नाका ओलांडला की लिंब गावाचा फाटा येतो. आत दहा मिनिटांवर बारा मोटांची विहीर आहे. मी सातारचाच असल्यामुळे पक्षपात करतोय असं वाटेल, पण बघून मग बोला. थोरल्या शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ दरम्यान वीरूबाई भोसले यांनी ती बांधली. वरून नुसती विहीर दिसते, पायऱ्या उतरून गेलात की आत दालनं आहेत, चौक आहे, खांबांवर कोरीव काम आहे. बारा मोटा एका वेळी चालायच्या म्हणजे काय, हे मुलीला तिथे उभं राहून सांगा. शाळेच्या पुस्तकात मोट हा नुसता शब्द असतो. सासूबाईंनी खाली उतरायची गरज नाही, काठावरूनही छान दिसतं. हा थांबा चाळीस मिनिटांचा, तिकीट नाही, वाट वाकडी नाही. चांगल्या थांब्याची माझी व्याख्या साधारण हीच. वाई-मेणवली मात्र या वेळी सोडा. ते स्वतंत्र एका दिवसाचं काम आहे, आणि घरापासून जवळचंच.

सातारी कंदी पेढे परतीला मिळणार नाहीत, कारण परत येताना वाट वेगळी आहे. घ्यायचे तर जातानाच घ्या, पण नऊ दिवस टिकवायचा हट्ट करू नका, बदामीपर्यंत संपवा.

कोल्हापूरला एकच्या सुमारास पोहोचाल. जेवा, तासभर पडा. चारच्या नियमाला धक्का न लावता कणेरी मठ करता येतो, शहराबाहेर थोडं पुढेच आहे. तिथे जुन्या गावगाड्याचे, बारा बलुतेदारांचे माणसाएवढे पुतळे आहेत. नऊ वर्षांच्या मुलीला ते राजवाड्यापेक्षा जास्त आवडेल, माझ्या दोन्ही पोरांना आवडलं होतं. अंबाबाईचं दर्शन रविवारी पहाटेच, आठनंतर रांग बघून माघारी फिरावं लागेल. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर तुमच्या यादीत होतं, ते मी कापतोय आणि कापताना हात जड होतोय. ४८ खांबांचा स्वर्गमंडप, वर मधोमध उघडं गोल आभाळ. पण कोल्हापूरहून साठ किलोमीटर आत, आणि परत तेवढंच. कृष्णेकाठच्या गावांसाठी कधीतरी तीन दिवस वेगळे काढा.

रविवारी साडेसातला निघा. कागल, कोगनोळी नाका, निपाणी. तुमची गाडी खाजगी, पांढऱ्या पाटीची आहे. राज्य ओलांडताना परमिट, टॅक्स काही लागत नाही. आमच्या पिवळ्या पाटीला लागतो. भाड्याची सेल्फ ड्राइव्ह गाडी घेतलीत, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली, तर मात्र मालकाकडून परमिट दाखवून घ्या. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी हे डिजिलॉकरमध्ये असलं तरी चालतं. मी कागदी प्रतही ठेवतो, फोनची बॅटरी नेमकी नाक्यावरच मरते. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का, केवायसी झालंय का, हे आठवडाभर आधी बघा. टॅग चालला नाही तर टोल जास्त भरावा लागतो. फास्टॅगचा वार्षिक पास २०० फेऱ्या किंवा एक वर्ष यातलं जे आधी संपेल तोवर चालतो, पण फक्त राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेला तो चालत नाही. या एका सहलीसाठी काढू नका, पण महिन्या-दोन महिन्याला गावी जात असाल तर फायद्याचा आहे.

संकेश्वरला हायवे सोडून गोकाकचा रस्ता धरा. गोकाकचा धबधबा घटप्रभेवर, ५२ मीटर उंच. पाऊस कसा झाला त्यावर दिवाळीनंतर पाणी असेल किंवा नुसत्या धारा असतील. अर्धा तास पुरे. करदंट घ्या, डिंक-सुकामेव्याची वडी, गाडीत तोंडात टाकायला याच्यासारखं काही नाही. इथून पुढे बदामीपर्यंत चांगली स्वच्छतागृहं फार कमी आहेत. बायकांचे हाल होतात आणि पुरुष बेत आखताना हे लिहीतच नाहीत, म्हणून मी लिहितोय. गोकाकमध्ये एखाद्या बऱ्या हॉटेलात चहा घ्यायचा तो त्याच कामासाठी. पुढे मोठे पेट्रोल पंप बघा, पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणि प्लॅस्टिकचा एक मग गाडीत ठेवा. गाडी सीएनजी असेल तर संकेश्वरनंतर त्या भरवशावर राहू नका, पेट्रोलची टाकी भरून घ्या. आणि मॅपने शेतातला शॉर्टकट दाखवला तर ऐकू नका. लोकापूर, मग बदामी, मोठा रस्ता न सोडता.

बदामीला दोनपर्यंत पोहोचाल. कर्नाटक पर्यटन महामंडळाची मयूर नावाची हॉटेलं बदामी, हंपीजवळचं कमलापूर आणि विजापूर, तिन्हीकडे आहेत. थाटमाट नसतो, पण गाडी लावायला जागा असते, आणि लांबच्या प्रवासात मला तेच महत्त्वाचं. सासूबाईंसाठी तळमजल्याची खोली आधीच मागा. पहिल्या संध्याकाळी लेणी नकोत. अगस्त्य तलावाच्या पलीकडच्या काठाला भूतनाथ मंदिर आहे, तिथे जाऊन नुसतं बसा. उतरत्या उन्हात तांबडे कडे पाण्यात दिसतात. सासूबाईंना इतपत चालणं होईल.

लेणी सोमवारी सकाळी, दार उघडताच. चार लेणी एकावर एक चढत जातात. पहिलं खालीच आहे आणि अठरा हातांचा नटराज तिथेच आहे. त्यामुळे सासूबाई पहिलं बघून सावलीत थांबल्या तरी त्यांचं फार काही बुडत नाही. तिसरं सगळ्यांत मोठं, वैष्णव, त्यात शके ५०० म्हणजे इसवी सन ५७८ चा लेख आहे. एवढी पक्की तारीख असलेलं जुनं लेणं विरळाच. माकडं मात्र निर्ढावलेली आहेत. हातात पिशवी, बाटली, चिप्स काही नको.

दुपारी बनशंकरी. बदामीपासून पाच किलोमीटर. आपल्याकडच्या कितीतरी घरांची ही कुलदेवता, तुमच्या सासूबाईंना विचारा, कदाचित त्यांच्या माहेरची निघेल. माझ्या गाडीत असं दोनदा झालंय आणि दोन्ही वेळा बेत बदलून अभिषेक करून निघालो. देवळाबाहेर गावच्या बायका टोपलीत ज्वारीच्या भाकरी, झुणका, भरलं वांगं, शेंगाची चटणी, दही घेऊन बसतात. पानावर वाढतात. हॉटेलात जेवू नका, इथेच जेवा. या भागात खाणावळीला खानावळीच म्हणतात, त्यामुळे पाटी वाचता आली नाही तरी विचारता येतं. बाकी कानडी चार शब्द पुरतात: ऊटा म्हणजे जेवण, नीरु पाणी, एष्टु कितीला, एडक्के-बलक्के डावीकडे-उजवीकडे. बेळगाव-निपाणीपर्यंत मराठी चालतं, पुढे हिंदीवर निभावतं, पण एष्टु म्हटलं की समोरचा हसतो आणि काम सोपं होतं.

मंगळवार या सहलीतला सगळ्यांत भरगच्च दिवस. बदामीहून पट्टदकल २२ किलोमीटर, तिथून ऐहोळे चौदाच्या आसपास, आणि मग हंपी. आठच्या आत निघा. पट्टदकलला विरूपाक्ष मंदिर बघा, विक्रमादित्य दुसरा याने कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयासाठी त्याची राणी लोकमहादेवी हिने बांधलेलं. आपल्या वेरूळच्या कैलास लेण्यावर याची छाप असल्याचं अभ्यासक सांगतात. वेरूळ बघितलेलं असेल तर तुम्हालाही ते जाणवेल. ऐहोळेला दुर्ग मंदिर, पाठीमागून अर्धगोल. नाव दुर्गादेवीवरून नाही, दुर्ग म्हणजे किल्ल्यावरून. सासूबाईंना तिथल्या हिरवळीवर बसवा आणि तुम्ही मुलीला घेऊन मेगुती टेकडी चढा. वर दुसऱ्या पुलकेशीचा ६३४ सालचा रविकीर्तीचा शिलालेख आहे. त्यात कालिदासाचं नाव आहे, आणि ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख आहे. लिपी वाचता येणार नाही, पण आपल्या राज्याचं नाव दगडावर इतकं जुनं आहे हे बघायला पंधरा मिनिटांची चढण काही जास्त नाही.

साडेबाराला ऐहोळे सोडलंत तर अमीनगड-हुनगुंदवरून चौपदरी हायवेला लागता. तिथे गाडी चांगली पळते आणि कमलापूर साडेतीन-चारला येतं. मुक्काम हंपी गावात नको. होमस्टे छान आहेत पण गाडी लांब लावून बॅगा ओढाव्या लागतात. कमलापूर किंवा होस्पेट धरा. दिवाळीनंतर तिथे खूप गर्दी असते, खोल्या दीड-दोन महिने आधी घ्या. हंपी उत्सवाच्या तारखा दर वर्षी बदलतात, त्याही बघून घ्या. त्या दिवसांत रस्ते बंद असतात.

हंपीला दोन पूर्ण दिवस ठेवलेत ते उन्हामुळे. दगडाचं गाव आहे, नोव्हेंबरातही अकरानंतर भट्टी पेटते. सकाळी उघडताच विठ्ठल मंदिर, गाडी लावतात तिथून आत बॅटरीवरच्या गाड्या नेतात, सासूबाईंची सोय झाली. त्याच तिकिटावर त्याच दिवशी कमळमहाल आणि हत्तीशाळा बघता येते, म्हणून तिकीट फेकू नका, दुपारी झोपून साडेतीननंतर तिकडे जा. मुलीच्या हातात पन्नासची नोट द्या आणि मागचा रथ शोधायला सांगा. विठ्ठल मंदिराचा गाभारा आज रिकामा आहे. कृष्णदेवरायाने पंढरीची मूर्ती इथे आणली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, अशी वारकऱ्यांची परंपरेने चालत आलेली कथा. सासूबाई विठ्ठलभक्त असतील तर हे आधी सांगू नका, गाभाऱ्यासमोर उभं राहून सांगा. माझ्या गाडीतल्या एक आजी तिथे पाच मिनिटं हात जोडून उभ्या होत्या, आत काही नसताना.

दुसऱ्या दिवशी विरूपाक्ष. तिथे मागच्या एका अंधाऱ्या खोलीत भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते, पुजाऱ्याला विचारा. मग हेमकूट टेकडी, तीही हळूहळू. संध्याकाळ मोकळी सोडा. मोकळी सोडलेली एक संध्याकाळ कुणाचं पोट बिघडलं, टायर पंक्चर झाला किंवा पाऊस आला तर कामी येते, आणि काहीच झालं नाही तर तुंगभद्रेकाठी जाते.

शुक्रवारी विजापूरकडे, दोनशे किलोमीटर, रस्ता उत्तम. वाटेत इलकल. इरकली साडी म्हणून आपल्या आज्या नेसायच्या ती इथलीच. सासूबाईंना तास द्या आणि घड्याळाकडे बघू नका. त्यांनी सहा दिवस तुमच्यासाठी गुडघे ओढलेत. पुढे कूडलसंगम, कृष्णा-मलप्रभेचा संगम आणि बसवेश्वरांची समाधी. मग अलमट्टी धरण, तिथली बाग मुलीसाठी. दोन्ही जमणार नाही, एक निवडा. चार वाजता विजापूर.

गोल घुमट शनिवारी सकाळी, पहिल्या तासात. १६५६ मध्ये पुरा झालेला, मोहम्मद आदिलशहाची कबर, घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर. सज्जात कुजबुज पलीकडे ऐकू येते ही गंमत फक्त तेव्हाच कळते. दहा वाजता शाळांच्या सहली येतात आणि मग नुसत्या किंकाळ्या. वर जायचा जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा, सासूबाईंनी खालीच थांबावं. त्यांना नंतर इब्राहिम रोजा दाखवा, तो सगळा सपाटीला आहे, आणि मला विचाराल तर घुमटापेक्षा देखणा. मलिक-ए-मैदान तोफ वाटेतच. सुमारे ५५ टनांची, १५४९ मध्ये आपल्या अहमदनगरला ओतलेली. नगरहून इथवर ती ओढून कशी आणली असेल, या प्रश्नावर सोलापूरपर्यंतचे शंभर किलोमीटर गप्पा चालतात.

सोलापूरला जेवण, शेंगाची चटणी, कडक भाकरी. मग पुणे रस्ता, भिगवणला मुक्काम, ताजे मासे. इथे एक सावधगिरी: रोहित पक्षी बघायला म्हणून मुलीला कबूल करू नका. दिवाळीनंतर उजनी भरलेली असते. पाणी उतरून काठ उघडे पडले की रोहित येतात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीनंतर. दुसरे पक्षी दिसतील, रोहित दिसले तर नशीब.

गाडीबद्दल थोडंच. निघायच्या दहा दिवस आधी सर्व्हिसिंग, आदल्या दिवशी नाही. सर्व्हिसिंगमध्ये काही सैल राहिलं असेल तर ते ठाण्यातच कळलं पाहिजे. हवा गाडी थंड असताना तपासा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तो धरा. काँक्रीटवर टायर फुटतात ते बहुतेक कमी हवेने. टायर दबतो, कडा वाकत राहतात, तापतात आणि जातात. स्टेपनीची हवा कुणीच बघत नाही, ती बघा, आणि जॅक एकदा स्वतः लावून बघा. हायवेला काही झालं तर १०३३, इतर कशालाही ११२. सासूबाईंची औषधं डिकीत नाही, पुढच्या सीटच्या पिशवीत. दर दोन तासांनी चालवणारा बदला, जेवणानंतरचा पहिला तास ज्याने कमी खाल्लंय त्याने चालवायचा.

मुलीला कंडक्टर करा. वही द्या, प्रत्येक थांब्याला मीटरचा आकडा, वेळ आणि टोल लिहायचा. मोबाइल आपोआप सुटतो, आणि तुम्हाला खरा हिशेब मिळतो. माझ्याकडे थोरल्या मुलीच्या अशा तीन वह्या आहेत. वर दिलेले ७०-६०-४० चे आकडे त्यातूनच काढलेत.

शेवटच्या रविवारी भिगवण आठला सोडा. हडपसरला तासभर जाईल, तो धरूनच चाला. खंडाळ्याचा घाट दोनच्या आत उतरलात तर चहाला घरी. चारनंतर सगळं पुणं आणि लोणावळा मुंबईकडे उतरायला लागतं, मग खालापूर नाक्यावर आम्ही ड्रायव्हर लोक इंजिन बंद करून डबे उघडतो.